गव्हाला ऊन नाकारत नाहीत

त्या वर्षी संक्रांतीनंतर मी इंदूरची खोली तशीच ठेवली आणि उज्जैनला आत्याकडे राहायला आले, कारण आत्याने घराबाहेर पडणं बंद केलं होतं. ती पडली नव्हती की आजारी नव्हती. तिची एकच मैत्रीण उरली होती. तिच्याबरोबर ती रोज सकाळी कोठी रोडला फिरायला जायची. ती मैत्रीण दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला कायमची राहायला गेली आणि आत्याचं फिरणं संपलं. मग दूधवाला पिशवी दाराच्या कडीला अडकवू लागला, भाजी खिडकीतून घेतली जाऊ लागली. मी आले तेव्हा ती दिवसाचा बराच वेळ पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. विचारलं की म्हणायची, थंडी आहे.

थंडी गेली. माधव नगरातल्या कडुनिंबांची पानं गळून रस्ते पिवळे झाले, दुपारी पंखा लावावासा वाटू लागला, तरी तिची थंडी जाईना.

पुण्याहून दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा, एक दिवसाआड फोन यायचा. वडील गेल्यापासून आई त्याच्याकडेच असते. त्याचं म्हणणं साधं होतं: पाडव्याला येतो आणि आत्याला घेऊन जातो. माझं ऑफिस मला पाडव्यापर्यंतच घरून काम करू देणार होतं, त्यानंतर आत्या पुन्हा एकटी. मी भांडले. घर तिचं आहे, एकटीच्या पगारावर तिने बांधलंय, तिला न विचारता तिचं आयुष्य उचलून दुसऱ्या गावात ठेवणारे आपण कोण, असं बरंच काही बोलले. दादा शांतपणे म्हणाला, "तिच्या हाकेला धावून येईल असं एक माणूस मला त्या गल्लीत दाखव. मी तिचं तिकीट काढत नाही."

फोन स्पीकरवर होता. आत्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "मी जायची नाही."

ती एवढंच म्हणाली. पण माणूस दाखवायचं कुठून? गल्लीत पूर्वी गिरणीतली, बँकेतली, रेल्वेतली मराठी घरं होती. म्हातारी माणसं गेली, मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेली, घरं विकली गेली किंवा यात्रेकरूंसाठी भाड्याच्या खोल्या झाल्या. ह्या गावात रोज गाड्या भरभरून माणसं येतात. आत्याच्या दारावरून त्यांच्या बॅगांची चाकं खडखडत जातात. तिच्या दाराची घंटी कोणी वाजवत नाही. वाजवलीच तर पत्ता चुकलेला असतो.

तसं एक माणूस होतं. पण आमच्या घरात त्याचा विषय निघत नसे.

गल्लीच्या कोपऱ्यावर एक बाई राहायच्या. त्या आणि आत्या एकेकाळी एकाच गिरणीच्या कचेरीत टेलिफोन बोर्डावर शेजारी शेजारी बसत. बोर्डावर दोघीच. मग संप झाला. गिरणीची दारं बंद, चिमणी थंड, पण कचेरीतला टेलिफोन मात्र चालू राहिला, कारण दोघींपैकी आत्या बाहेर घोषणा देत होती आणि ती बाई आत बसून लाइनी जोडत होती. मालकाला हव्या त्या गावी, हव्या त्या माणसाशी बोलता येत होतं. संप मोडला. बोर्ड मुका झाला असता तर आपण जिंकलो असतो, असं आत्या आजही म्हणते. त्यानंतर ती त्या बाईशी एक शब्द बोलली नाही. पुढे गिरणी बंद पडली, मालक गेला, युनियनचं ऑफिस गेलं, गिरणीच्या जागी वसाहत उठली. अबोला तेवढा शाबूत राहिला.

मी त्या अबोल्यातच वाढले. आई-वडील चळवळीत गावोगाव फिरायचे आणि मी आत्याकडे असायचे. घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील लिहायचे, आत्या दुरुस्त करायची आणि मी घड्या घालायचे. मला 'क' कमळातला भेटलाच नाही, तो कामगारातला भेटला. पत्रकात 'कृपया' लिहायचं नाही, मागणी नेहमी पहिल्या परिच्छेदात मांडायची आणि संप फोडणाऱ्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे तिन्ही धडे मला एकाच वयात मिळाले. त्या बाईंच्या दारापाशी आलं की मी रस्ता ओलांडून पलीकडून जायची. आजही मला वाटतं, संपाच्या बाबतीत आत्याच बरोबर होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी असा अर्थ काढेल की म्हातारपणी तत्त्वं सैल सोडावीत. तसं मला म्हणायचं नाही.

फेब्रुवारीत फ्रीगंजातल्या एका वाचनालयाने मला ज्येष्ठ नागरिकांसाठी एक पत्रक लिहायला सांगितलं. ऋतू बदलताना, वसंतात, त्यांनी तब्येत कशी सांभाळावी. मी जोरात लिहिलं. सकाळचं कोवळं ऊन घ्यावं, रोज चालावं, हलकं जेवावं, माणसांत मिसळावं, हे सगळं चार ओळींत संपवलं. मग मुद्द्यावर आले. चालावं कुठे? फ्रीगंजात फूटपाथवर मोटरसायकली उभ्या आहेत. बसावं कुठे? बाकं काढून तिथे सेल्फी पॉइंट उभे केले आहेत. ज्या गावात सत्तरीच्या माणसाला दोन चौकांच्या मध्ये टेकायला जागा नाही, त्या गावाने त्याला आरोग्याचे सल्ले देऊ नयेत. शेवटी मागण्या.

आत्याला वाचून दाखवलं. बऱ्याच दिवसांनी तिने कूस बदलली आणि चष्मा मागितला. सगळं पुन्हा स्वतः वाचून काढलं.

"मागण्या चांगल्या आहेत," ती म्हणाली. "म्हातारं माणूस कुठे आहे ह्यात?"

मी म्हटलं, सगळं त्यांच्यासाठीच तर आहे.

"माणसांत मिसळावं, असं लिहिलंयस. कुठल्या माणसांत? चार ओळींत मिसळून टाकलंस मला." तिने कागद परत दिला आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

मला राग आला, आणि तिचं बोलणं बरोबर जागी लागलं होतं म्हणून जास्तच आला. म्हाताऱ्या माणसांच्या आरोग्याबद्दल बोलणारे सगळे गुडघ्यांबद्दल बोलतात, साखरेबद्दल, रक्तदाबाबद्दल. त्यांची वाट कोणी बघतं का, हे कोणी तपासत नाही. मीही तपासलं नव्हतं. पत्रक मी टेबलावर तसंच ठेवलं.

होळी झाली, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, अजून निघायची होती, आणि एका सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून गव्हाची पोती उतरू लागली.

आमच्या माळव्यात अजूनही बऱ्याच घरांत होळीनंतर वर्षाचा गहू भरतात. नवा गहू आणायचा, ऊन द्यायचं, चाळायचा, पाखडायचा, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासकट पत्र्याच्या कोठीत भरून ठेवायचा. शहरातही भरतात. पण एकट्या बाईसाठी कोणी पोत्यांनी भरत नाही. आत्याने देवास गेटच्या धान्यवाल्याला खिडकीत बसून फोन केला होता आणि "हर साल वाला" एवढंच म्हटलं होतं. दुकानदार जुना. त्याच्या हिशेबात हर साल म्हणजे आई, वडील, दादा, मी, येणारेजाणारे कार्यकर्ते, सगळ्यांचं घर. त्याने तेवढा गहू पाठवला.

पोत्यांनी पुढची खोली भरली. मी घाबरले. विसरायला लागली की काय? दादाला फोन केला तर तो म्हणाला, बघ, म्हणूनच म्हणतोय मी.

आत्या पोत्यांकडे बघत दारात उभी होती. "जरा जास्त झाला," ती हळूच म्हणाली. मी म्हटलं, टेम्पो अजून कोपऱ्यावर असेल, परत पाठवू.

"घरात आलेलं धान्य परत पाठवत नाहीत."

"अगं, पण खाणार कोण?"

"मी. वर्षभर मी इथेच आहे." मग फोनकडे हनुवटीने खूण करून म्हणाली, "त्याला सांग, गहू भरलाय. गहू भरलेलं घर सोडून कोणी जात नाही."

तेव्हा मला कळलं की ती विसरली नव्हती. अंदाज चुकला असेल, पण हेतू चुकला नव्हता. पत्रकात पहिल्या परिच्छेदात लिहितात तशी ती तिची मागणी होती.

पण गहू नुसता आणून होत नाही. त्याला गच्चीवर न्यावं लागतं, आणि गच्चीचा जिना तिने अख्ख्या हिवाळ्यात चढला नव्हता. मी पोती थोडी थोडी करून बादल्यांनी वर नेली. ती खाली बसून सूचना देत राहिली. जुन्या साड्या अंथरल्यास का? मधे पातळ, कडेला जाड असं नको पसरूस. वाऱ्याकडे तोंड करून पाखडू नकोस, डोळ्यात जाईल. शेवटी तिला माझा अजागळपणा सहन झाला नाही. भिंतीला हात लावत, मधल्या वळणावर टेकत, मला शिव्या देत ती वर आली. वर ऊन होतं. गहू साडीवर पसरलेला होता. ती स्टुलावर बसली, सूप मांडीवर घेतलं आणि खडे निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी ती मला उठवायला आली.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी फाटक वाजलं. खाली कोपऱ्यावरच्या बाई उभ्या होत्या. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बारीक चण, पांढरी वेणी, डोक्यावरून पदर. त्या माझ्याशी बोलल्या, पण डोळे वर गच्चीकडे होते. त्यांच्या शेजारी नवी उंच इमारत उठली होती आणि त्यांच्या छतावर आता दुपारपर्यंत सावली असायची. गहू आला होता. थोडाच होता, पण ऊन दिलं नाही तर किडणार. "छत की धूप माँगने आई हूँ," त्या म्हणाल्या. "दीदी से पूछ लो।"

मी वर गेले. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. आत्याने सुपातले खडे निवडणं थांबवलं नाही.

"गव्हाला ऊन नाकारत नाहीत," ती म्हणाली. "तिला सांग, जिना अंधारा आहे. बघून ये म्हणावं."

अशी ती सुरुवात झाली. गच्चीच्या एका टोकाला आत्याच्या गव्हाची मोठी रास, दुसऱ्या टोकाला त्या बाईंची लहानशी. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसत. मधे मी, लॅपटॉप आणि चहाची किटली घेऊन. दोघींनाही दुसरीबद्दल बरंच काही म्हणायचं असे, आणि ते माझ्यातून जाई. कितीतरी वर्षं टेलिफोन बोर्डावर बसलेल्या त्या दोघींनी मला बोर्ड करून टाकलं होतं.

"तिला सांग, चाळणी एवढी भरून घेतली तर खडा तसाच राहतो."

"अपनी आत्या से कहो, हमारे दाँत अभी असली हैं। खडा चबा लेंगे।"

एकदा आत्या रागारागाने पाखडत होती. सुपाचा आवाज गल्लीभर जात होता. त्या बाई मला म्हणाल्या, सूप इतकं आपटलं तर मोहल्ल्याला वाटेल लढाई चालू आहे.

"तिला सांग," आत्या म्हणाली, "लढाई होती तेव्हा ती आत बसली होती."

मी ते पोचवायचं टाळलं. गरज नव्हती, त्यांनी ऐकलं होतं. इतकी वर्षं गिरणीत मराठी माणसांत काढलेली, त्यांना सगळं कळत होतं. मला वाटलं, त्या उठून जातील. त्या हसल्या. हसताना खांदे हलत होते, आवाज नव्हता. मग पुन्हा गव्हात हात फिरवू लागल्या.

खाली आल्यावर मी आत्याला विचारलं, त्या तेव्हा आत का बसल्या होत्या?

"विचारलं नाही."

"एवढ्या वर्षांत?"

"कारण विचारलं की निम्मं माफ होतं," ती म्हणाली. "म्हणून विचारलं नाही."

ह्या काळात आत्या बदलत होती, आणि ते मला लिहायलाच हवं, कारण पत्रकात मी ते लिहू शकले नव्हते. ती सकाळ-संध्याकाळ जिना चढायची. भूक लागली म्हणायची. एका दुपारी तिने नव्या गव्हाचे बाफले, कणकेचे उकडून भाजलेले गोळे, करायला लावले आणि वरणात बुडवून खाल्ले, आणि मग पलंगावर पडली ती भिंतीकडे नव्हे, खिडकीकडे तोंड करून. तिच्या हातांवर उन्हाचा रंग आला. कोणी तिला ऊन घे म्हणून सांगितलं नव्हतं. गव्हाला ऊन हवं होतं आणि गव्हाशेजारी कोणीतरी बसायला हवं होतं.

त्याच दिवसांत पुण्याहून तिच्या मैत्रिणीचा फोन आला. मैत्रीण आनंदाने सांगत होती, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, सून चांगली आहे. आत्याने गव्हाचं सांगितलं. मग मैत्रीण म्हणाली, "इथे सगळं आहे गं. मला कोणी काही करू देत नाही, एवढंच." फोन ठेवल्यावर आत्या संध्याकाळपर्यंत गच्चीवर बसली. ऊन उतरलं तरी उठेना. मी वर गेले तेव्हा ती स्वच्छ झालेला गहू पुन्हा चाळत होती.

मग एका सकाळी कोपऱ्यावरच्या बाई आल्या नाहीत. त्यांचा गहू गच्चीवर चादरीखाली झाकलेला होता. आत्या म्हणाली, उघड तो, ऊन वाया जातंय. मी उघडला. दुपारी तिने तो स्वतः उलटला. पारवे हाकलले. काही विचारलं नाही, पण जिन्यावर पाऊल वाजल्यासारखं झालं की तिचं सूप थांबायचं.

दुसऱ्या दिवशीही त्या आल्या नाहीत तेव्हा आत्या म्हणाली, "जाऊन बघ. त्यांची चादर धुवायची का, असं विचार."

मी पहिल्यांदा त्या घराची पायरी चढले. दार बऱ्याच वेळाने उघडलं. त्या भिंत धरून उभ्या होत्या, अंग तापलेलं, ओठ सुकलेले. आदल्या दिवसापासून काही खाल्लेलं नव्हतं. मुलगी लांब, सासरी. मी म्हटलं, कोणाला सांगायचं नाही का? त्या म्हणाल्या, "किसको?"

आत्याने ऐकून घेतलं. मग उठली, मुगाची खिचडी टाकली, डब्यात भरली आणि म्हणाली, "सांग, जास्त झाली होती." मी डबा नेला, डॉक्टरांना बोलावलं, गोळ्या आणल्या. रिकामा डबा परत आणताना निरोप मिळाला: दीदी से कहना, नमक कम था।

"तापात तोंडाला चव नसते म्हणावं," आत्या म्हणाली. डबा घासायला घेतला, घासत राहिली. मग नळ बंद करून म्हणाली, "दोन दिवस. गहू वर नसता तर तू गेली नसतीस. मीही पाठवलं नसतं." ती हे मला सांगत नव्हती. मी ओट्यापाशी उभी होते, एवढंच.

त्या बऱ्या होऊन परत आल्या, जरा वाकलेल्या. पुन्हा पाठीला पाठ करून बसल्या. आत्याने त्या बसायच्या त्या जागी आधीच एक उशी टाकून ठेवली होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दादा आला. त्याला वाटलं होतं आत्या पलंगावर असेल. ती गच्चीवर होती. तिचा चेहरा बघून तो खरोखर आनंदला. म्हणाला, "चला, आता प्रवास तरी झेपेल तुला."

म्हणजे आम्ही इतके दिवस जे राहण्यासाठी कमावलं, ते त्याला जाण्यासाठी पुरेसं वाटलं. त्याला वाईट म्हणता येणार नाही. तो तिच्यावर प्रेम करतो. पण प्रेमाच्या माणसांनाही म्हातारं माणूस बरं झालेलं हवं असतं ते आपल्या सोयीच्या ठिकाणी.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारली, कडुनिंब आणि गूळ खाल्ला. आत्या वर गेली, कारण राशीतला शेवटचा गहू राहिला होता. कोपऱ्यावरच्या बाईही आल्या होत्या, त्यांचंही थोडं उरलं होतं. दादा कठड्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, आपण नीट बोलू.

"आत्या, समज, ही गेली इंदूरला. तू एकटी आहेस. ह्या जिन्यावर तुझा पाय घसरला. हाक मारलीस. कोण येईल?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे बरंच होतं. वस्तीची जबाबदारी, शहराची जबाबदारी, एकट्या बाईला एकटं राहण्याचा हक्क. आत्याने माझ्याकडे न बघता हात वर केला. "पत्रक नको," ती म्हणाली.

ती सुपातल्या गव्हात बोट फिरवत राहिली. गुढीचं रेशमी कापड वाऱ्याने फडफडत होतं. पलीकडे चालू असलेला चाळणीचा आवाज थांबला होता.

त्या बाई मागे न वळता दादाला म्हणाल्या, "मैं तो आ जाऊँगी, बेटा। ये आवाज़ देंगी क्या?"

मी आत्याकडे बघितलं. मग तिने सूप खाली ठेवलं, स्टुलावरून उठली, स्टूल फिरवलं आणि त्या बाईंच्या पाठीकडे तोंड करून बसली. मी शेजारी होते, पण ह्या वेळी निरोप माझ्यातून गेला नाही.

"मैंने माफ़ नहीं किया है," आत्या म्हणाली.

त्या बाई वळल्या. "मैंने माँगी कब?"

दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. दादाला काही कळेना, त्याने माझ्याकडे पाहिलं. मला कळत होतं. एकीने दिलं नव्हतं, दुसरीने मागितलं नव्हतं. दोघींपैकी कोणीही आपलं म्हणणं मागे घेतलं नव्हतं.

"तो फिर दूँगी आवाज़," आत्या म्हणाली, आणि पुन्हा स्टूल फिरवून गव्हाकडे वळली.

दादा हसला नाही. त्याने जिन्याला कठडा बसवून घेतला, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवला, आणि दिवाळीला पुन्हा बघू, असं म्हणून एकटा पुण्याला गेला.

मला त्यानंतर निघायचं होतं. तोवर कोठी भरून झाली होती. झाकण लागलं होतं, साड्या धुऊन घड्या झाल्या होत्या, सूप खुंटीला गेलं होतं. मी निघाले ती सकाळ चैत्रातली, अजून तापायची होती. चहा घेऊन वर गेले तर आत्या स्टुलावर बसलेली होती आणि तिच्यासमोर नुसती फरशी होती. पलीकडे उशी होती. कोपऱ्यावरच्या बाई आल्या नव्हत्या. त्यांचाही गहू भरून झाला होता, मग त्या कशाला येतील?

पाय घसरला तर हाक मारायची, असं ठरलं होतं. पाय घसरलेला नव्हता. काही दुखत नव्हतं, काही जळत नव्हतं, नुसती सकाळ होती. अशा वेळी हाक मारायची की नाही, हे ठरलेलं नव्हतं. आणि आत्याने आयुष्यात कोणाला कारणाशिवाय हाक मारलेली मी पाहिली नव्हती.

मी म्हटलं, त्यांना बोलावू का? जाता जाता सांगते.

"तू नको," ती म्हणाली. "तुझी बस चुकेल."

मी पाया पडले. तिने डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ ठेवला. खाली येऊन मी बॅग ई-रिक्शात टाकली, देवास गेटच्या बसस्टँडला चला म्हटलं. वर बघितलं तर ती कठड्यापाशी उभी होती. मला वाटलं माझ्यासाठी. मी हात हलवला. तिने बघितला नाही. ती गल्लीच्या कोपऱ्याकडे बघत होती.

रिक्शा वळणापर्यंत आली असेल. मागून आत्याचा आवाज आला. मोठा आणि जरा फाटलेला, बऱ्याच दिवसांत न वापरलेला. शब्द ऐकू आले नाहीत. मग थोडं थांबून पुन्हा एकदा.

रिक्शावाल्याने वेग कमी केला आणि आरशात माझ्याकडे पाहिलं. "माताजी आपको आवाज़ दे रही हैं क्या?"

"मुझे नहीं," मी म्हटलं. "चलो आप।"